स्कियाच्चाता आतून गच्च का होते

स्कियाच्चाता म्हणजे इटलीतल्या फ्लोरेन्सची चपटी पावासारखी रोटी, सँडविचसाठी वापरतात ती; घरी केली की ती कधीकधी आतून गच्च होते. बहुतेकदा कारण एकच: लाटणं. आतले बुडबुडे तिथेच फुटतात.

मैदा ५०० ग्रॅम, पाणी ३७५, मीठ १०, इन्स्टंट यीस्ट २, ऑलिव्ह तेल ३०. आपला साधा मैदा इतकं पाणी पेलत नाही. तो वापरत असाल तर पाणी ३४० वरच थांबवा. पीठ भिजवून अर्ध्या-अर्ध्या तासाने तीन घड्या (पीठ कडेने ओढून स्वतःवरच दुमडायचं), मग रात्रभर फ्रीज. सकाळी तेल लावलेल्या ट्रेमध्ये बोटांनीच पसरा; पीठ आक्रसलं तर २० मिनिटं विसावू द्या, जबरदस्ती नको. दुप्पट फुगल्यावर पाणी-तेल-मीठ फेटून वर ओता, बोटं तळापर्यंत खुपसा. २४० अंशांवर २० मिनिटं, ट्रे खालच्या कप्प्यात. भाजून झाल्यावर लगेच जाळीवर काढा, नाहीतर वाफेने तळ मऊ पडतो.