प्रतिसाद: बघ्यांची जबाबदारी कुणाची?
दादा, रिमोटवरचं मॉडेल हेलिकॉप्टर उडवताना ‘बघणारे स्वतःच्या जबाबदारीवर उभे राहतात’ हे तुमचं म्हणणं अजिबात पटलं नाही. 700 साइजच्या (एक पातं साधारण 700 मिलिमीटर लांब) हेलिकॉप्टरचा पंखा दीड मीटरहून मोठा. मिनिटाला 2000 फेरे धरले तरी पात्याचं टोक ताशी 600 किलोमीटरच्या आसपास पळतं. 2013 मध्ये न्यूयॉर्कमध्ये याच साइजच्या मॉडेलने 19 वर्षांच्या मुलाचा जीव घेतला, आणि तो स्वतः उडवण्यात तरबेज होता! आपल्या सांगलीत कृष्णेच्या घाटावर पोरं पार जवळ येतात, त्यांना यातलं काय कळणार? निष्काळजीपणाने कुणी दगावलं तर भारतीय न्याय संहितेचं कलम 106 उडवणाऱ्यालाच लागू होतं, भरपाईचा दावा वेगळाच. त्यापेक्षा उडवायला ऊस तुटलेलं रान मालकाला विचारून घ्या. आणि थ्रॉटल होल्ड (रिमोटवरचं मोटर बंद ठेवणारं बटण) लावल्याशिवाय बॅटरी जोडू नका.