मदत हवी आहे: चढावर गाडी तापते, मेकॅनिक म्हणतो हेड गॅस्केट गेलं. इंजिन खोलू देऊ का?

मंडळी, आधीच सांगतो, लांबलचक लिहिणार आहे, कारण अर्धवट माहिती दिली की पहिले पाच प्रतिसाद "कूलंट आहे का बघा" असेच येतात. बघितलं. आहे.

गाडी पेट्रोल, ९ वर्षं जुनी, १ लाख १२ हजार किलोमीटर झालेत, पहिल्यापासून माझ्याकडेच. गेले दोन महिने तापायला लागलीये. म्हणजे कशी, तर जागेवर उभी करून एसी बंद ठेवून इंजिन चालू ठेवलं तर वीस-पंचवीस मिनिटं काही होत नाही, काटा मधोमध. सपाट रस्त्यावर साठ-सत्तरला पण ठीक. पण लांब चढ लागला आणि एसी चालू असला की सहा-सात मिनिटांत काटा जागा सोडतो, आणि एकदा सोडली की मग भराभर वर जातो, लालच्या जवळ. एसी बंद करून आरामात चालवली की हळूहळू खाली येतो. ट्रॅफिकमध्ये एसी लावून रखडलो तरी कधीकधी होतं, रोज नाही, हेच तर डोकं खाणारं आहे.

आतापर्यंत काय केलं: थर्मोस्टॅट (इंजिन गरम झालं की रेडिएटरकडे पाणी सोडणारा व्हॉल्व्ह) बदलला, फरक शून्य. त्याच वेळी कूलंट पण नवीन भरलं. एअर नीट काढली का ते माहीत नाही, मी तिथे नव्हतो. फॅन फिरतोय, एसी लावला की आवाज येतो.

आता मेन गोष्ट. गाडी गरम झाली की साइडच्या बाटलीतली लेव्हल मॅक्सच्या वर जाते ती रात्रभर गाडी थंड झाली तरी खाली येतच नाही, आणि सकाळी रेडिएटरचं झाकण उघडलं की आत दोन बोटं कमी. हे बघून मेकॅनिकने निकालच दिला, की हेड गॅस्केट (इंजिनचा वरचा भाग म्हणजे हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं सील) गेलं, कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाबाचा गॅस) पाण्यात येतंय, हेड उतरवून फेसिंग (घासून सपाट) करावं लागेल. पण ऑइलच्या झाकणाखाली पांढरा साय-टाइप थर नाही, डिपस्टिकवर ऑइल साफ, सायलेन्सरमधून पांढरा धूर नाही, सकाळी एका सेल्फमध्ये स्टार्ट. मग खरंच गॅस्केट असेल का? खोलण्याआधी खात्री करायची काही टेस्ट असते का? जाणकारांनी प्लीज सांगा, एकदा हेड उतरलं की मग मागे फिरता येत नाही.

प्रतिसाद १
थांबा थांबा, हेड नका उतरवू एवढ्यात. बाटली भरलेली आणि रेडिएटर रिकामा, हे लक्षण गॅस्केटचं असू शकतं पण त्याच्याआधी रेडिएटरच्या झाकणाचं आहे. त्या झाकणात दोन व्हॉल्व्ह असतात. एक प्रेशर धरतो आणि जास्त झालं की बाटलीकडे सोडतो, दुसरा गाडी थंड झाली की बाटलीतलं कूलंट परत आत ओढू देतो. हा दुसरा चिकटला किंवा रबर गेलं की सोडलेलं पाणी परत येतच नाही, तिथेच बसून राहतं. आणि पहिला गेला तर अजून वाईट, कारण अर्धं पाणी अर्धं कूलंट असं मिश्रण उघड्यावर साधारण १०७ डिग्रीला उकळतं, तेच चांगल्या झाकणाच्या प्रेशरखाली १२५ च्या पुढे जाईपर्यंत उकळत नाही. म्हणजे झाकण फुसकं असेल तर इंजिन जरासं तापलं की आत वाफ, आणि वाफ झाली की कूलिंग संपलं. काटा "भराभर" जातो म्हणताय ते मला तसंच वाटतंय.

गॅस्केटसाठी घरची टेस्ट: रात्रभर थंड गाडी, सकाळी स्टार्ट करा आणि रेडिएटरचा वरचा होज (इंजिनकडून येणारी जाड रबरी नळी) हाताने दाबत राहा. पाणी अजून कोमटसुद्धा नाही आणि होज मिनिट-दोन मिनिटांत दगडासारखा कडक झाला तर कॉम्प्रेशन येतंय. आणि पक्कं करायचं तर ब्लॉक टेस्ट करून घ्या. रेडिएटरच्या तोंडावर एक नळी बसवतात, त्यात निळं लिक्विड असतं, सिलिंडरमधला गॅस पाण्यात येत असेल तर ते पिवळं पडतं. काहीही न खोलता होते. तुमच्या मेकॅनिकने ही न करता निकाल दिला असेल तर मेकॅनिक बदला, सरळ सांगतो.

प्रतिसाद २
+१. आणि झाकण गरम गाडीवर उघडायचं नाही, फडकं धरून पण नाही. माझ्या मनगटावर खूण आहे अजून.
एक करा, काटा वर जायला लागला की केबिनचा हीटर फुल करून बघा आणि काय होतं ते लिहा.

प्रतिसाद ३
एवढं कशाला डोकं लावताय राव, थर्मोस्टॅट काढून फेकून द्या. माझ्या गाडीत पाच वर्षं नाहीये, मस्त चालतेय.

प्रतिसाद १ (परत मीच)
वरच्या दादांनी सांगितलंय ते करू नका. थर्मोस्टॅट नसला की इंजिन वेळेवर गरमच होत नाही, कॉम्प्युटरला वाटतं गाडी अजून थंडच आहे, मग तो पेट्रोल जास्त सोडत बसतो, ॲव्हरेज जातं, ऑइल खराब होतं. आणि मूळ दुखणं तसंच, फक्त दिसेनासं होतं. चढावर तर तो तसाही पूर्ण उघडाच असतो, काढून काय मिळणार?

धागाकर्ता
धन्यवाद मंडळी, चार दिवस घालवून सगळं केलं. मित्राचा ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे वाचणारं यंत्र) लावून फोनवर खरा आकडा बघितला, कारण कळलं की बऱ्याच गाड्यांत काटा मुद्दामच मधोमध धरून ठेवलेला असतो, आतलं टेंपरेचर दहा-पंधरा डिग्री हललं तरी तो ढिम्म. म्हणजे मी ज्याला "नॉर्मल" म्हणत होतो ते नॉर्मल नव्हतंच बहुतेक.

वरचा होज: सकाळी पाच मिनिटं दाबत बसलो, मऊच. ब्लॉक टेस्ट दुसरीकडे करून घेतली, गाडी चांगली गरम करून, लिक्विड निळं ते निळंच. झाकण: हात लावल्यावर रबराला उभ्या चिरा दिसल्या. त्याच प्रेशर रेटिंगचं नवीन लावलं, आता बाटलीतली लेव्हल वर जाते आणि सकाळी परत खाली येते. इतकं बरं वाटलं ना!

पण. चढावर अजूनही तापतेय. लालपर्यंत जात नाही, पण स्कॅनरवर ११२ दिसले, एसी चालू असताना. हीटर फुल केला, खिडक्या खाली, घामाघूम, आणि दोन मिनिटांत ११२ चे १०४. याचा अर्थ काय?

प्रतिसाद ४
हीटर हा एक छोटा रेडिएटरच असतो. तो गरमागरम हवा फेकतोय आणि टेंपरेचर उतरतंय म्हणजे वॉटर पंप पाणी फिरवतोय. म्हणजे पाणी पोचतंय, पण पुढच्या रेडिएटरमधून उष्णता बाहेर जात नाहीये. उभ्या गाडीत इंजिनवर लोड नाही, उष्णता कमी, त्यामुळे तिथे भागतं. चढावर नाही भागत.

"फॅन फिरतोय" हे पुरेसं नाही, हवा आरपार जातेय का ते बघा. एसी लावा, फॅन फुल फिरू द्या आणि पुढून जाळीवर एक साधा कागद धरून सोडा. चिकटून राहिला पाहिजे. नाही राहिला तर एसीचा कंडेन्सर (रेडिएटरच्या पुढे असलेली एसीची जाळी) आणि रेडिएटर यांच्यामधल्या फटीत बॅटरी मारून बघा. पुढून कंडेन्सर चकाचक दिसतो म्हणून तिथे कोणी बघतच नाही. एवढं करून साफ निघालं तर मग खालचा होज बघा, आतली स्प्रिंग गेली असेल तर इंजिन रेज केल्यावर तो चपटा होतो.

धागाकर्ता
कागद पडला!! तीनदा धरला, तीनदा घसरून खाली.

मग दोन क्लिपा आणि वरची पट्टी काढून रेडिएटर बोटभर मागे सरकवला आणि बॅटरी मारली. रेडिएटर दिसलाच नाही. राखाडी रंगाचा थर होता, धूळ, गवताची कुसळं, कापसासारखं काहीतरी, आणि मध्ये मध्ये पतंगांचे अख्खे पंख. बोटाने एका कोपऱ्यातून धरून ओढला तर निम्मा थर एकसंध सुटून आला, जुन्या गोधडीचा तुकडा निघावा तसा. ९ वर्षांचा माल. उरलेला साध्या पाइपच्या पाण्याने इंजिनच्या बाजूने पुढे असा धुतला, प्रेशरने नाही, फिन्स (रेडिएटरच्या पातळ पत्र्या) वाकतात म्हणून.

काल तोच चढ, तीच चार माणसं, एसी चालू: ९८, जास्तीत जास्त ९९. आणि घरी आल्यावर फॅन बंद झालेला ऐकला. एसी बंद केल्यावरही तो सारखा चालूच असायचा हे आता बंद झाल्यावर लक्षात आलं.

आता शेवटचं. इन्फ्रारेड गनने रेडिएटर मोजला तर खालचा एक कोपरा बाकीच्यापेक्षा १५ डिग्री थंड येतोय. आतून ब्लॉक आहे का? फ्लश करू का?

प्रतिसाद ४
नुसत्या फरकावरून नाही सांगता येणार. पाणी जिकडून बाहेर पडतं तिकडे रेडिएटर थंडच असतो, ते त्याचं कामच आहे. चार-चार बोटांवर मोजत जा. हळूहळू उतरत गेलं तर सोडून द्या. मध्येच एकदम दहा-पंधरा डिग्रीची उडी दिसली तर तिथल्या नळ्या चोंदल्यात.

धागाकर्ता
ओके, शनिवारी खडूने खुणा करून मोजतो आणि आकडे इथेच टाकतो.