आधी निचरा, मग पाणी
भरपूर पाणी सोडून क्षार धुऊन काढले की अमेरिकेच्या नेवाडा राज्यातील कोरड्या तलावांच्या जमिनीही सुधारतील, असे एक मत मांडले जाते. ते खारवट (पाण्यात विरघळणारे क्षार साचलेल्या) जमिनीपुरते मान्य आहे, चोपण (मातीच्या कणांना सोडियम चिकटलेल्या) जमिनीबाबत नाही. नेवाडाचा बहुतेक भाग ज्यात येतो त्या ग्रेट बेसिन या खोलगट प्रदेशातली एकही नदी समुद्राला मिळत नाही. त्यामुळे हिमयुगातील लाहोन्टन सरोवर आटले तेव्हा तळाची चिकणमाती आणि क्षार तिथेच अडकून राहिले. शिवाय गोड्या पाण्याने विद्राव्य क्षार निघून गेले, तरी कणांना धरून बसलेले सोडियम मागे उरते, कण सुटे होतात आणि मातीची छिद्रे बुजतात. चोपण मातीचे वाळलेले ढेकूळ शुद्ध पाण्यात न हलवता ठेवून पाहावे. त्याच्याभोवती गढूळ वलय पसरते आणि ते पाणी लवकर निवळत नाही. म्हणून आधी निचऱ्याचे चर, मग जिप्सम (कणांवरच्या सोडियमची जागा घेणारे कॅल्शियम देणारे खनिज) आणि त्यानंतरच पाणी.

आणखी एक गोष्ट म्हणजे तिथले ग्रीसवूड हे काटेरी झुडूप. त्याची मुळे खोल भूजलापर्यंत जातात, पानांत सोडियम साठते आणि पानगळीनंतर ते झुडपाखालच्या वरच्या थरात उतरते. तेव्हा हिरवळ दिसली म्हणून जमीन सुधारली असे कृपया समजू नये. बुंध्याजवळच्या मातीचा सामू (पीएच, म्हणजे आम्ल-विम्लतेचे माप) अवश्य मोजावा.