फळी भिंतीत बसवा, काचेवर नको

खिडकीपाशी मांजराला बसायला जागा कशी करायची, या प्रश्नावर वर दोघांनी काचेला सक्शन कपने (रबरी वाट्यांनी) चिकटणारं तयार आसन सुचवलंय. मला ते अजिबात पटत नाही. मांजर चार-पाच किलोचंच असतं, पण ते उडी मारून येतं तेव्हा जोर वजनाच्या कितीतरी पट पडतो, आणि तापलेल्या काचेवर कपांची पकड सुटते. लाकडी फळीच करा.

१८ मिमी प्लाय, साधारण ६० बाय ३० सेंमी. याहून आखूड नको, कारण मांजर तिथे ताणून झोपणार. खिडकीतून पावसाची झड येत असेल तर आयएस ७१० शिक्क्याचा, म्हणजे पाण्याला टिकणारा मरीन प्लाय घ्या. खाली दोन मजबूत एल-ब्रॅकेट. भिंतीतलं भोक गिलाव्यात न थांबता विटेपर्यंत गेलं पाहिजे, मग त्यात प्लग (स्क्रू घट्ट धरणारी प्लास्टिकची नळी) आणि स्क्रू. फळीला खालून लावायचे स्क्रू मात्र १५ मिमीच्या आतले, नाहीतर टोक वर येऊन पंजाला लागेल. वर सनमायका लावू नका, पाय घसरतात. जुन्या सतरंजीचा तुकडा वेल्क्रोने लावला की काढून धुता येतो.

सुताराला एक गोष्ट बजावून सांगा: वाळवीचं औषध मारायचं नाही. त्यात बऱ्याचदा परमेथ्रिनसारखं कीटकनाशक असतं, ते मांजराच्या शरीराला पचवता येत नाही आणि जीवावर बेततं. पॉलिशचा वासही पूर्ण गेल्याशिवाय फळी वापरू देऊ नका.

आणि वरच्या मजल्यावर राहत असाल तर फळीच्या आधी खिडकीला स्टीलची जाळी लावा. डासांची नायलॉनची जाळी नखांनी सहज फाटते.