घर बांधताना झाड राखायचं, तर मुळांची जागा कोण सोडणार?

(ही एक चर्चा आहे; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

आगरातला

गुहागरकडच्या आमच्या अंगणात पायरीचा आंबा होता. २०१७ साली जुनं घर उतरवून नवं बांधायला घेतलं, तेव्हा बाबांनी ठेकेदाराला पहिल्याच दिवशी बजावलं होतं की आंब्याला हात लावायचा नाही. त्याने लावलाही नाही. कोयतासुद्धा नाही. तरी आज ते झाड नाही.

जोतं उंच घेतलं, म्हणून अंगणही उचललं. खोडाभोवती सव्वा फूट भराव पडला आणि वर पेव्हर ब्लॉक, अगदी सालीला टेकवून. त्याआधी आठ महिने वाळू, खडी, चिरे सगळं त्याच्याच सावलीत रचलेलं होतं. मिक्सर धुतलेलं पाणी रोज संध्याकाळी बुंध्यात. टाकीच्या पाइपासाठी एका अंगाने चर. पहिल्या वर्षी मोहोर असा फुलला की आम्ही सगळे खूश. पुढच्या वर्षी पालवी बारीक आली, मग शेंडे वाळायला लागले. २०२१ ला झाड उभं सुकलं.

काढताना मी स्वतः भराव उकरला. जुन्या जमिनीच्या पातळीला साल काळी पडली होती, बोट लावलं की ओल्या पुठ्ठ्यासारखी सुटून यायची. करंगळीएवढ्या मुळ्यांच्या नुसत्या साली उरल्या होत्या, आतून पोकळ. वास कुबट, साचलेल्या गटारासारखा.

झाडाला पोसणारी बारीक मुळं वरच्या हात-दीड हात मातीतच असतात आणि फांद्यांच्या घेराबाहेरही पसरतात. त्यांना पाण्याइतकीच हवा लागते. वर भराव टाकला किंवा ट्रक फिरवून माती दाबली की ती गुदमरतात. सिमेंटच्या पाण्यातला चुना माती बिघडवतो तो वेगळाच. आणि झाड लगेच मरत नाही. साठवलेल्यावर दोन-चार वर्षं काढतं, म्हणून मेल्यावर बांधकाम कुणाला आठवत नाही. ‘कीड लागली’ म्हणून आपण मोकळे होतो.

माझं म्हणणं असं की जोत्याची फक्की, म्हणजे जमिनीवरची पांढरी आखणी, मारण्याआधी झाडाची मारावी. ब्रिटनमध्ये यासाठी बीएस ५८३७ नावाचं मानक आहे. छातीच्या उंचीवर खोडाचा जो व्यास, त्याच्या बारापट त्रिज्या मुळांसाठी राखायची. टेपने घेर मोजलात तर साधारण घेराच्या पावणेचारपट. सहा फूट घेर असेल तर बावीस-तेवीस फूट. तेवढ्यात भराव नको, चर नको, साठा नको, चूल नको. काम सुरू होण्याआधी बांबू रोवून जागा अडवून टाकायची.

चार गुंठे

हिशेब करून बघितलात का? तेवीस फूट त्रिज्या म्हणजे दीड गुंठ्याच्या वर जागा. माझा प्लॉट चार गुंठ्यांचा, त्यात विहीर, शोषखड्डा, शेजाऱ्याची वाट. अंगणात फणस आहे आणि तो मलाही प्यारा आहे. पण दोन मुलांना दोन खोल्या द्यायच्या की फणसाला दीड गुंठा? ज्यांच्या वाड्या आहेत त्यांना हे बोलायला सोपं आहे. आम्ही एक झाड तोडू, पाच लावू.

बंदरावरचा

मी दापोली तालुक्यात किनाऱ्यावर राहतो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा पडवीच्या बाजूचा आंबा आमच्या घरावर आला. कौलं, रीप, वासे, सगळं माजघरात. आई देवघरात होती म्हणून वाचली. अख्ख्या पोफळी-माडांच्या बागा झोपलेल्या पाहिल्या आम्ही. तेव्हापासून घरापासून झाडाच्या उंचीइतक्या अंतरात मी काही ठेवत नाही. झाडावर माया असावी, पण डोक्यावर नको. शिवाय वानरं. फांदीवरून छपरावर उडी मारतात आणि दर पावसाळ्यात कौलं मी बदलतो.

आगरातला

बंदरावरचा, आईंच्या बाबतीत जे झालं त्यावर मी वाद घालणार नाही. पण एक विचारतो. त्या आंब्याच्या घराविरुद्धच्या अंगाला कधी चर खणला होता का? एका बाजूची जाड मुळं तुटली की झाडाचा ताण देणारा दोरच गेला. वर सगळं हिरवं दिसतं, आणि जोराचा वारा त्याच बाजूने आला की झाड आडवं होतं. पोकळ, कललेलं, छपरावर रेललेलं झाड काढावं, हे मलाही मान्य आहे. वाळक्या फांद्या पावसाआधी जाणत्या माणसाकडून उतरवून घ्याव्यात. पण धडधाकट झाडाची मुळं आपणच तोडायची आणि मग त्याला धोकादायक म्हणायचं, हे मला पटत नाही.

बंदरावरचा

चर होता. नळाची लाइन, २०१४ ची. तिचा पडण्याशी संबंध होता की नव्हता हे आता कोण सांगणार? माझं मत तेच आहे. किनाऱ्यावर छपराजवळ मोठं झाड नको.

चिरेकाम

पंचवीस वर्षं बांधकामं घेतो, तेव्हा ठेकेदाराची बाजूही ऐका. आमच्या हातात येणाऱ्या नकाशावर झाड काढलेलंच नसतं. विहीर असते, रस्ता असतो, शेजाऱ्याची हद्द असते, झाड नाही. चिऱ्याचा ट्रक जिथे वळेल तिथेच उतरतो, आणि मे महिन्यात गडी माणसं सावलीतच बसणार, सावलीतच कालवणार. मालक सांगतो ‘झाड सांभाळा’, पण त्याचे पैसे कुठल्या कलमात धरायचे ते सांगत नाही. सलग पाया सोडून कॉलम घ्यायचे आणि मुळांच्या वरून प्लिंथ बीम, म्हणजे जोत्याची आडवी तुळई, न्यायचा, हे होतं, मी केलंय. खर्च वाढतो आणि मुळं बघून खड्डे हाताने खणावे लागतात, जेसीबी चालत नाही. नकाशात दाखवा, करारात लिहा, आम्ही करू. नुसतं तोंडी सांगून नंतर ठेकेदाराला दोष देऊ नका.

आगरातला

हे मी मान्य करतो. आमच्याही करारात आंब्याबद्दल एक ओळ नव्हती.

खळ्यातली

आमच्या खळ्यातलो, म्हणजे अंगणातलो, फणस असोच गेलो. घर बांधूक घेतला तेव्हा तेका कोणी हात लावूक नाय. पण खळा उंच करूचा म्हणान खोडाभोवती दीड हात माती टाकली. तिसऱ्या वर्साक शेंड्याकडून सुकत इलो. आवशीन रोज पाणी घातल्यान, काय उपयोग नाय.

वडाखालचा

भरावाने झाड मरतं म्हणता, मग देवळापुढचे पार बघा. वड-पिंपळाभोवती कमरेइतका चौथरा, आत माती, आणि पिढ्यान्‌पिढ्या झाड उभं आहे.

आगरातला

पार साधारणपणे रोप लहान असतानाच बांधत. मुळं त्या मातीतच वाढली, ती कुणी नंतर गाडली नाहीत. शिवाय तो चुना-सिमेंटाशिवाय रचलेला दगड, सांध्यांतून हवा-पाणी खेळतं. वड-पिंपळ तर भिंतीच्या भेगेतही जगतात. आंबा-फणसाकडून तशी अपेक्षा करू नका. आणि आता पार म्हणून जे बांधतात तो सिमेंटचा हौद असतो, त्याला पाणी जायला भोकही नसतं.

कातळावरचं कलम

देवगडकडे हे वर्तुळाचं गणित जसंच्या तसं लावू नका. आमची बरीच कलमं कातळात सुरुंगाने खड्डा पाडून, बाहेरची माती आणून लावलेली. मूळ गोल पसरत नाही, जांभ्याच्या भेगेतून मिळेल तिकडे जातं. एका अंगाला वीस फुटांवर खणलं तरी काही होत नाही, दुसऱ्या अंगाला आठ फुटांवर ब्रेकर लावला आणि भेग बुजली की संपलं. आधी पावसात पाणी कुठल्या फटीत मुरतं ते बघा, मग फक्की मारा. माडाचंही वेगळं. त्याला सोटमूळ नाही, बुंध्यापासून झुबक्याने मुळं सुटतात आणि बरीचशी दोन मीटरच्या आतच असतात. माडाजवळ घर येऊ शकतं, आंब्याजवळ नाही.

बंदरावरचा

माडाजवळ येऊ शकतं, पण झावळ आणि नारळ कुठे पडणार तेही बघा.

माजघर

एवढा काथ्याकूट कशाला? जमीन माझी, झाड माझं.

आगरातला

तसं नाही. महाराष्ट्राच्या १९६४ च्या वृक्षतोड विनियमन कायद्याच्या यादीत आंबा, फणस, जांभूळ, चिंच, किंजळ, ऐन ही झाडं आहेत. स्वतःच्या जमिनीतली असली तरी परवानगी लागते. नगरपरिषदेच्या हद्दीत १९७५ चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा आहे. त्यात झाडाला कुठल्याही प्रकारे इजा करणं हेसुद्धा तोडण्यातच धरलंय, म्हणजे भराव टाकून मारणंही त्यात बसावं असं मी समजतो. २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांवरचं झाड वारसा वृक्ष मानतात. पण भराव टाकताना कुणी कुणाला विचारत नाही, नि कुणी बघायलाही येत नाही. म्हणून तर हे मालकालाच सांगावं लागतं.

चार गुंठे, तुमचं राहिलं. दीड गुंठा फणसाला ‘द्यायचा’ नाही. अंगण, तुळस, वाळवण हे सगळं त्यातच होतं, जमीन मातीची ठेवायची एवढंच. बाजूला मोकळं अंतर सोडावंच लागतं, ते फणसाच्या बाजूला जास्त सोडा आणि घर दुसऱ्या हद्दीकडे सरकवा. शोषखड्डा मागे न्या. पाच रोपं जरूर लावा, पण ती फणसासारखी सावली धरेपर्यंत मुलं कॉलेजात जातील.

चार गुंठे

घर सरकवायची वेळ गेली. फक्की मारून एका अंगाचा पाया खणूनही झालाय, फणसापासून बारा फुटांवर. कालच मनगटाएवढी दोन मुळं तुटली. मागचा चर अजून बाकी आहे. आता काही करता येईल, की तोडूनच टाकू?

आगरातला

तोडू नका. जेसीबीने फाटलेली टोकं करवतीने सरळ कापा, वर रंग-डांबर काही लावू नका. आजच गोणपाट भिजवून झाका आणि पाया भरला की लगेच तीच माती परत लोटा. भार कमी करायचा म्हणून फांद्या छाटू नका, मुळं परत यायला पानंच लागतात. मागचा चर हाताने खणा, मूळ दिसलं तर पाइप खालून घाला. बुंध्याला न टेकवता पातेऱ्याचा, म्हणजे वाळक्या पानांचा, वीतभर थर पसरा, आणि दोन उन्हाळे आठवड्यातून एकदा बुंध्यापासून लांब, फांद्यांच्या टोकाखाली पाणी सोडा. वाळू कुठे टाकलीय?

चार गुंठे

फणसाखालीच.

आगरातला

उद्या गडी आले की आधी ती हलवा.