मदत हवी आहे : रेडिओग्राफी पदवीच्या आंतरराष्ट्रीय अधिस्वीकृतीसाठी क्लिनिकल नोंदवही कशी असावी?

नमस्कार.

मी रेडिओग्राफीच्या, म्हणजे एक्स-रेसारख्या वैद्यकीय प्रतिमा घेण्याच्या तंत्राच्या, पदवी अभ्यासक्रमाला शिकवते. पुढच्या वर्षभरात आंतरराष्ट्रीय अधिस्वीकृतीच्या (अभ्यासक्रम ठरलेल्या मानकांनुसार असल्याच्या मान्यतेच्या) दिशेने तयारी करायची असे आमच्या विभागात ठरले असून, स्वयंमूल्यांकन अहवालाचा कच्चा आराखडा करण्याचे काम माझ्याकडे आले आहे. उपलब्ध मानके मी गेले काही महिने वाचते आहे. बरेचसे उलगडले, पण एका ठिकाणी मी अडले आहे. ज्यांनी अशा तपासणीची तयारी केली आहे किंवा स्वतः तपासणी पथकात काम केले आहे, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

आधी मला काय समजले ते लिहिते, म्हणजे चूक असल्यास ती दाखवता येईल.

सगळ्या जगात चालेल असा एकच शिक्का रेडिओग्राफीच्या शिक्षणाला मिळत नाही. रेडिओग्राफरांच्या राष्ट्रीय संघटनांची जागतिक संघटना, म्हणजे आयएसआरआरटी, शिक्षणाविषयी मार्गदर्शक चौकट देते. प्रत्यक्ष मान्यता मात्र त्या त्या देशातील संस्था देतात. अमेरिकेत हे काम १९६९ पासून जेआरसीईआरटी ही अधिस्वीकृती देणारी संस्था करते आणि तिची अधिस्वीकृती जास्तीत जास्त ८ वर्षांची असते. ब्रिटनमध्ये एचसीपीसी ही नियामक संस्था अभ्यासक्रमांना मंजुरीही देते आणि रेडिओग्राफरांची नोंदणीही करते. तिथे ऑनर्स पदवी ही किमान पातळी आहे. ऑस्ट्रेलियात हा व्यवसाय १ जुलै २०१२ पासून राष्ट्रीय नोंदणीच्या कक्षेत आला. युरोपात ईएफआरएस या महासंघाने युरोपीय पात्रता चौकटीच्या सहाव्या पातळीसाठी रेडिओग्राफरला काय माहीत असावे, काय करता यावे आणि कशाची जबाबदारी घेता यावी याचा दस्तऐवज तयार केला असून त्याची दुसरी आवृत्ती २०१८ सालची आहे.

आमच्या पहिल्याच बैठकीत आयएसओ २१००१ चे प्रमाणपत्र घ्यावे, तेही आंतरराष्ट्रीयच आहे, अशी सूचना आली होती. मी तिला विरोध केला. ते प्रमाणपत्र शैक्षणिक संस्थेच्या व्यवस्थापनपद्धतीचे असते. आमचा विद्यार्थी रुग्णाला टेबलावर नीट झोपवू शकतो की नाही, अनावश्यक एक्स्पोजर (किरणांचा मारा) टाळू शकतो की नाही, याविषयी त्यातून काहीच कळत नाही. या मतावर मी अजूनही ठाम आहे.

आता अडचण. अभ्यासक्रमाचे विषय, तास, श्रेयांक, शिक्षकांची पात्रता हे सगळे मानकांशेजारी मांडणे कष्टाचे असले तरी जमण्यासारखे आहे. अडते ते क्लिनिकल पोस्टिंगपाशी, म्हणजे रुग्णालयातील प्रत्यक्ष प्रशिक्षणापाशी. आमच्या विद्यार्थ्यांकडे एक लॉगबुक असते आणि त्यात तपासणीचे नाव, दिनांक, संख्या आणि इन्स्ट्रक्टरची सही असे चार रकाने आहेत. अहवालाला पुरावा म्हणून जोडायला मी गेल्या तुकडीची लॉगबुके चाळली. एका वहीत तीन महिन्यांच्या सह्या एकाच पेनाने, एकाच झोकात, बहुधा शेवटच्या दिवशी केलेल्या दिसल्या. विद्यार्थी खोटे लिहीत होता असे मला मुळीच म्हणायचे नाही. काम त्याने केलेले होते. पण ते कसे केले हे त्या वहीतून कुणालाच कळणार नाही.

एक प्रसंग सांगते. दुसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थ्याने गुडघ्याची लॅटरल (बाजूने दिसणारी) प्रतिमा घेतली. दोन्ही कॉन्डाइल (मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाचे गोलसर उंचवटे) एकमेकांवर बसले नव्हते. मीडियल (आतल्या बाजूचा) कॉन्डाइल खाली उतरून सांध्याची फट झाकत होता. अशा वेळी एक्स-रे ट्यूब डोक्याच्या दिशेने पाच ते सात अंश कलवायची असते. त्याने तसे न करता गुडघा थोडा फिरवला आणि कुणालाही न बोलावता पुन्हा एक्स्पोजर दिले. मूळ दोष कायम राहिला आणि त्यात रोटेशनचा नवा दोष मिसळला. तिसरी प्रतिमा इन्स्ट्रक्टरने शेजारी उभे राहून घेतली. लॉगबुकात नोंद आहे : ‘गुडघा लॅटरल, १’. रुग्णाला तीन वेळा किरणोत्सर्ग मिळाला, आणि विद्यार्थ्याला नेमके काय कळले नव्हते हे त्या एका आकड्याआड दडून गेले. जेआरसीईआरटीच्या मानकांनुसार विद्यार्थी कितीही पुढच्या टप्प्यावर असला तरी पुन्हा घ्यायची प्रत्येक प्रतिमा पात्र रेडिओग्राफरच्या थेट देखरेखीखाली घ्यावी लागते. हा नियम वाचल्यापासून मला आमची नोंदवही अहवालाला जोडवत नाही.

माझे प्रश्न असे :

पाया म्हणून कोणते मानक धरावे? ईएफआरएसच्या दस्तऐवजात अपेक्षित क्षमता फार चांगल्या मांडल्या आहेत, तर जेआरसीईआरटीची मानके देखरेख आणि सुरक्षिततेबाबत अधिक नेमकी आहेत. दोन्ही एकत्र वापरली तर तपासणी पथकाला ते गोंधळाचे वाटेल का?

क्लिनिकल क्षमतेचा पुरावा म्हणून नक्की काय नोंदवावे, आणि ते रोजच्या गर्दीत कसे नोंदवून घ्यावे?

आणि विद्यार्थी सतत विचारतात तो प्रश्न : अभ्यासक्रमाला अधिस्वीकृती मिळाली, की पदवीधराला परदेशात आपोआप नोंदणी मिळते का?

प्रतिसाद १

तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तिथे सर्वांत जास्त गैरसमज आहे आणि त्याची किंमत विद्यार्थी मोजतात. नाही, आपोआप मिळत नाही. अधिस्वीकृती अभ्यासक्रमाला असते आणि नोंदणी व्यक्तीला. परदेशी अर्जदाराच्या बाबतीत एचसीपीसी त्याचे शिक्षण आणि अनुभव आपल्या प्रावीण्य-मानकांशी ताडून पाहते. ही मानके सुधारित स्वरूपात १ सप्टेंबर २०२३ पासून लागू आहेत. अमेरिकेत व्यक्तीला प्रमाणपत्र देणाऱ्या एआरआरटी या संस्थेची प्रमाणन परीक्षा वेगळी, अभ्यासक्रमाची अधिस्वीकृती वेगळी. उच्च शिक्षणाच्या पात्रता परस्परांनी मान्य कराव्यात यासाठीचा युनेस्कोचा जागतिक करार ५ मार्च २०२३ पासून अमलात आला आहे, परंतु पदवी मान्य होणे आणि रुग्णावर काम करण्याचा परवाना मिळणे या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. म्हणून प्रत्येक तुकडीचा सविस्तर अभ्यासक्रम, विषयवार तास आणि क्लिनिकल तास त्या त्या वर्षाच्या नावाने जतन करून ठेवा. दहा वर्षांनी एखादा विद्यार्थी अर्ज करील तेव्हा त्याला आजचा नव्हे, तर त्याच्या वेळचा अभ्यासक्रम लागेल.

पहिल्या प्रश्नाबाबत : ज्या संस्थेकडे अर्ज करणार आहात तिच्या मानकांचा सांगाडा जसाच्या तसा घ्या. अर्ज अजून ठरलेला नसेल, तर अपेक्षित क्षमतांसाठी ईएफआरएस आणि देखरेखीच्या पद्धतीसाठी जेआरसीईआरटी, ही तुमची मांडणी योग्यच आहे. गोंधळ तेव्हा होतो जेव्हा एकाच मुद्द्यासाठी दोन मोजपट्ट्या वापरल्या जातात.

आणखी एक काम आजच सुरू करा. जेआरसीईआरटी परिणामकारकता पाच वर्षांच्या सरासरीवर पाहते : पदवीनंतर सहा महिन्यांत पहिल्याच प्रयत्नात प्रमाणन परीक्षा उत्तीर्ण होणारे किमान ७५ टक्के, आणि नोकरीच्या शोधात असलेल्यांपैकी बारा महिन्यांत ती मिळणारे किमान ७५ टक्के. तुम्ही तिथे अर्ज करा किंवा करू नका, विद्यार्थ्यांचे पुढे काय झाले याची सलग माहिती कोणतेही पथक मागेल आणि ती मागाहून गोळा होत नाही.

प्रतिसाद २

मी बरीच वर्षे क्लिनिकल इन्स्ट्रक्टर आहे, त्यामुळे फक्त लॉगबुकाबद्दल लिहिते.

मॅडम, तुमचा गुडघ्याचा प्रसंग वाचून वाईट वाटले, कारण असे माझ्याही डोळ्यांसमोर झाले आहे. माझ्या अनुभवात दोन बदलांनी बराच फरक पडला. पहिला म्हणजे संख्येची नोंद आणि क्षमतेची चाचणी वेगळी केली. नेहमीचे काम वहीत लिहायचे; पण विद्यार्थी तयार आहे असे त्याला आणि मला वाटले, की त्या एका तपासणीचे पूर्ण निरीक्षण करायचे. मागणीपत्र वाचले का, रुग्णाची ओळख पटवली का, गरोदरपणाची शक्यता विचारली का, मार्कर (डावी-उजवी बाजू दाखवणारी खूण), कोलिमेशन (किरणांचा झोत हव्या तेवढ्याच भागापुरता मर्यादित करणे), एक्स्पोजरचे घटक, आणि शेवटी स्वतःच्या प्रतिमेतला दोष त्याला स्वतःच्या शब्दांत सांगता येतो का. हे शेवटचे सर्वांत महत्त्वाचे. ज्याला ॲडक्टर ट्यूबर्कलवरून (आतल्या बाजूच्या हाडावरील छोट्या उंचवट्यावरून) मीडियल कॉन्डाइल ओळखता येतो आणि कॉन्डाइल वरखाली सरकले आहेत की पुढेमागे, हे सांगता येते, तो गुडघा उगाच फिरवणार नाही.

दुसरा बदल म्हणजे रिपीटसाठी, म्हणजे पुन्हा घेतलेल्या प्रतिमांसाठी, स्वतंत्र पान : कारण, काय बदलले, शेजारी कोण होते, आणि सही त्याच वेळी. सुरुवातीला विद्यार्थी हे पान लपवत, कारण त्यांना ते चुकांचे पान वाटे. या पानावर गुण कापले जाणार नाहीत असे मी स्पष्ट केले, तेव्हा ते भरू लागले.

पडताळणीसाठी डिजिटल यंत्रणेचा उपयोग करा. अनेक यंत्रणांमध्ये नाकारलेल्या प्रतिमा कारणासह साठवता येतात. महिन्यातून एकदा ती यादी रिपीटच्या पानाशेजारी ठेवून पाहा.

धागाकर्तीचे उत्तर

दोघांचेही मनापासून आभार. तुकडीनिहाय अभ्यासक्रम जतन करण्याचा मुद्दा माझ्या मनातही आला नव्हता. जुन्या तुकड्यांची कागदपत्रे शोधण्याचे काम कालच सुरू केले.

नाकारलेल्या प्रतिमांची यादीही मागवली. गेल्या एका महिन्याची यादी आणि विद्यार्थ्यांची लॉगबुके शेजारी ठेवली, तेव्हा गुडघा, कोपर आणि मानेच्या लॅटरल प्रतिमा यादीत पुन्हा पुन्हा आल्या. वह्यांत त्यांचा मागमूस नव्हता. ही विसंगती अहवालात लपवू नये, ती आपणहून मांडून त्यावर केलेला उपाय दाखवावा, असे माझे मत झाले आहे आणि सहकाऱ्यांनाही ते पटले आहे.

आता एकच विनंती. निरीक्षणाची चाचणी आणि रिपीटचे पान यांचा कोरा नमुना कुणाकडे वापरात असेल, तर त्यातील रकाने कृपया इथे लिहावेत. विशेषतः एका इन्स्ट्रक्टरकडे एकाच वेळी दोन कक्ष असताना रिपीटची सही त्याच क्षणी कशी घेता, हे कळले तर आमच्या नमुन्यात पहिला बदल तिथेच करता येईल. नवी तुकडी पोस्टिंगला जाण्यापूर्वी तो छापून घ्यायचा आहे.