गेमिंग आणि गाणी दोन्हीसाठी एकच हेडफोन, बजेट 8000

चिंचपोकळीकर: नमस्कार मंडळी. लॅपटॉपवर व्हॅलोरंट (गोळीबाराचा ऑनलाइन गेम) खेळतो, डिस्कॉर्डवर मित्रांशी बोलणं चालू असतं. एरवी नाट्यसंगीत आणि शास्त्रीय. लॅपटॉपला हेडफोन-माइकचं एकच भोक आहे. चाळीतली खोली, पंखा सतत चालू, रात्री घरातली माणसं बाजूलाच झोपलेली. मला चष्मा आहे. लोकलमध्येही वापरता येईल म्हणून ब्लूटूथ घ्यावा का? आणि 7.1 वाले (चहूबाजूंनी आवाज येतो असं सांगणारे) हेडसेट खरंच चांगले असतात का?

तारवाला: गेमसाठी ब्लूटूथ नकोच. नेहमीच्या एसबीसी कोडेकवर (ब्लूटूथवरून आवाज आकसून पाठवायची पद्धत) आवाज साधारण 150 ते 250 मिलिसेकंद उशिरा येतो. पावलांचा आवाज कानावर पडेपर्यंत समोरचा कोपऱ्यावरून वळलेला असतो. त्याहून मोठी अडचण माइकची. डिस्कॉर्डने हेडफोनचा माइक घेतला की बहुतेक ब्लूटूथ हेडफोन कॉलच्या प्रोफाइलवर उतरतात: आवाज मोनो, सॅम्पलिंग (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतात ते) 16 किंवा 8 किलोहर्ट्झ. आवाज त्याच्या निम्म्यापर्यंतच टिकतो, म्हणजे 8 किलोहर्ट्झच्या वरचं काहीच उरत नाही आणि डावं-उजवंही गेलं. मग दिशा कळणार कशी?

वायरलेसच हवा असेल तर 2.4 गिगाहर्ट्झचा डोंगल (यूएसबीत लावायचा छोटा रिसीव्हर) असलेला बघा. फक्त तो डोंगल चालू यूएसबी 3 हार्ड डिस्कला खेटून लावू नका. तिचा रेडिओलहरींचा गोंगाट त्याच पट्ट्यात येतो आणि आवाज तुटतो. छोट्या एक्स्टेन्शन वायरने तो बाजूला घ्या.

7.1 साठी जास्तीचे पैसे मोजू नका. बहुतेकांत प्रत्येक कानाला एकच ड्रायव्हर (आतला छोटा स्पीकर) असतो, बाकी सगळं सॉफ्टवेअर. व्हॅलोरंटच्या ऑडिओ सेटिंगमध्ये एचआरटीएफ (हेडफोनवर आवाजाची दिशा कळावी म्हणूनची सोय) आहे, ते चालू करा आणि हेडसेटचं 7.1, विंडोज सोनिक (विंडोजमधली तशीच सोय) दोन्ही बंद ठेवा. एकाच आवाजावर दोनदा प्रक्रिया झाली की पुढचं-मागचं कळेनासं होतं.

जवारी: गाण्याच्या बाजूने सांगते. बरेच गेमिंग हेडसेट खालचा बास फुगवतात. त्यात बायाँची (तबल्यातल्या डग्ग्याची) घुमक इतकी पसरते की तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारांची झणझण, त्याखाली दबते. म्हणून स्टुडिओ मॉनिटरिंगचा बंद पाठीचा (कानावरच्या वाट्या मागून बंद असलेला) हेडफोन घ्या. ऑडिओ-टेक्निकाचा एम20एक्स बजेटात बसेल. 47 ओहमचा आहे, लॅपटॉपवर वेगळ्या अँप्लिफायरशिवाय चालतो. उणीव एकच: वायर कायमची जोडलेली आणि 3 मीटर लांब. एम40एक्सची वायर निघते, तो ऑफरमध्ये मिळाला तर तोच उचला.

उघड्या पाठीचे, म्हणजे सेनहायझर एचडी 560एस वगैरे, ऐकायला जास्त मोकळे वाटतात. पण पंख्याचा आवाज आत येतो आणि तुमची गोळीबाराची धुमश्चक्री शेजारी झोपलेल्यांना ऐकू जाते. तुमच्या खोलीत ते नकोत.

लॅमिंग्टनवासी: माइक वेगळा घ्यावा लागेल, आणि इथेच बरेच जण फसतात. मोबाइलसाठीच्या कॉलर माइकच्या पिनवर सहसा तीन काळ्या रेघा असतात. तो स्प्लिटरच्या माइकच्या भोकात चालत नाही. दोन रेघांची पिन बघून घ्या. स्प्लिटरचं उलटं: लॅपटॉपकडच्या पिनवर तीन रेघा, दुसऱ्या टोकाला एक भोक माइकचं आणि एक हेडफोनचं, तशी चित्रंही काढलेली. नुसतं ‘स्प्लिटर द्या’ म्हटलंत तर दोन हेडफोन लावायचा हातात पडेल. ही झिगझिग नको असेल तर सरळ यूएसबी माइक.

लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात (ग्रँट रोड स्टेशनहून चालत) गेलात तर चष्मा लावूनच ट्राय करा. काडीमुळे गादी आणि कानशिलात फट राहिली की बास तिथूनच निसटतो. फट बोटाने दाबून बघा. बास एकदम वाढला तर ती गादी तुमच्यासाठी नाही. रविवारी बरीच दुकानं बंद असतात. बिलावर सीरियल नंबर लिहून घ्याच, कारण लोकप्रिय मॉडेल्सच्या नकला फिरतात.

चिंचपोकळीकर: धन्यवाद. म्हणजे एम20एक्स आणि यूएसबी माइक. मुंबईच्या दमट हवेत गाद्या किती टिकतात? मखमली लावू का?

जवारी: रेक्झिनची गादी घामाने आणि दमटपणाने सोलवटतेच. वापरून झाल्यावर कोरड्या फडक्याने पुसा आणि लगेच पिशवीत कोंबू नका. मखमलीत कान कमी तापतात, चष्म्याची काडीही टोचत नाही, पण बास थोडा कमी होतो आणि बाहेरचा आवाज जास्त येतो. आधी मूळ गादीच वापरा, ती सोलली की मखमली घ्या.